खुंटीवरची गवती हॅट

१

"नील, माणूस गेला!" अँब्रोज हॅलॉक माझ्या दारात उभा राहून ओरडला.

"कोण मेला?"

"मेला नाही. कापून नेला."

तोंडातला पाव तसाच ठेवून मी त्याच्याकडे बघत राहिलो. अँब्रोज चित्रकार. आम्ही दोघे एकाच वर्तमानपत्रात होतो तेव्हापासूनची ओळख. कुठे आग लागली, गाडी उलटली, की साहेब त्याला पिटाळायचे. तो नुसता डोळे भरून बघून यायचा आणि कचेरीत बसून सगळं जसंच्या तसं उतरवायचा. पुढे कॅमेरे आले, त्याची नोकरी गेली आणि तो गल्लीबोळांची चित्रं काढायला लागला. मला तर वर्तमानपत्राने त्याच्याही आधी हाकललं होतं. तेव्हापासून पळालेले नवरे शोधणं हा माझा धंदा आहे. न्यूयॉर्कमध्ये या धंद्याला मरण नाही.

पोलिसांकडे तो आधी गेला होता. ते हसले, म्हणून स्वारी माझ्याकडे आली होती.

मार्चचा महिना होता आणि रस्त्यावर बर्फाचा काळा चिखल झाला होता. फर्निचरच्या एका बंद पडलेल्या दुकानाचा वरचा मजला भाड्याने घेऊन अँब्रोज आणि त्याच्या दोस्तांनी प्रदर्शन मांडलं होतं. चित्रकारांच्या मोठ्या संस्थेने ज्यांची चित्रं परत पाठवली ते सगळे इथे गोळा झाले होते. दारावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं : 'आम्ही पाहतो तेच रंगवतो.' प्रवेश फुकट होता, तरी आत चिटपाखरू नव्हतं.

अँब्रोजचं चित्र शेवटच्या भिंतीवर होतं. नाव 'क्लिंगरची खाणावळ, फेब्रुवारी'. चित्रांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण क्लिंगरकडे मी पूर्वी जेवलोय, त्यामुळे खाणावळ लगेच ओळखली. काचेबाहेर बर्फ, वरून जाणाऱ्या रेल्वेचे लोखंडी खांब, मध्ये खदखदून हसणारा ट्रामवाला, त्याच्या पुढ्यात बशी आदळणारी पोरगी, वाफा, गर्दी. आणि डावीकडे, जिथे कोपऱ्यातलं टेबल असायला हवं, तिथे वहीच्या पानाएवढं भोक. भोकातून मागची वीट दिसत होती. भोकाच्या वर भिंतीत रंगवलेली एक खुंटी शिल्लक होती आणि खुंटीवर पिवळीजर्द गवती हॅट.

"इथे कोण होतं?"

"एक माणूस. एकटाच जेवत बसलेला."

"मग तुझा ट्रामवाला सोडून त्यालाच का कापला?"

"तेच तर तुला विचारतोय."

मी नाक भोकाजवळ नेलं. कापडाच्या कडेला तपकिरी डाग होते आणि तंबाखूचा वास येत होता. काप मात्र सफाईचा होता. रागाने भोसकलेलं कापड असं दिसत नाही.

"एवढं काय त्यात? तुझी स्मरणशक्ती तर जगजाहीर आहे. घरी जा, तो तुकडा पुन्हा काढ, चिकटव आणि मोकळा हो."

"नाही जमायचं."

"का?"

अँब्रोज खिडकीकडे वळला. "चित्राचं काय करायचं ते नंतर बघू. मला तो माणूस परत पाहिजे. कुठे पडला असेल एकटा, कोण जाणे."

मी हसलो. तो हसला नाही, तेव्हा मीही आवरतं घेतलं.

माझा तर्क तयार होता. पळालेल्या नवऱ्यांना स्वतःच्या चेहऱ्याची फार भीती असते. गेल्या वर्षी एकाने बहिणीच्या लग्नाच्या फोटोतून स्वतःला कात्रीने काढून टाकलं होतं. असाच कोणीतरी इथे आला असणार. पाहतो तर काय, भिंतीवर आपणच जेवतोय. बायकोने पाहिलं तर संपलं. मग चाकू काढला आणि स्वतःला घेऊन निघून गेला.

एकच गोष्ट टोचत होती. पळणारा नवरा दोन वस्तू कधी विसरत नाही, वस्तरा आणि हॅट. मग हा पठ्ठ्या आपली हॅट मागे का ठेवून गेला?

२

"व्हॅन टाइनने केलंय," अँब्रोज म्हणाला. "तो परवा इथे आला होता आणि सारखी सिगार ओढत होता."

ज्युलियन व्हॅन टाइन परीकन्या आणि देवदूत रंगवतो. मोठी संस्था त्याची चित्रं दिवाणखान्यासारख्या दालनात लावते. त्याच्या स्टुडिओत जमिनीवर गालिचा होता आणि माझे बूट बघून त्याने तो सरकवून घेतला.

"हॅलॉकने पाठवलं असेल तुम्हाला," तो म्हणाला. तोंडात सिगार होतीच. "चित्राला भोक पडलं म्हणे. बरं झालं, तेवढीच हवा खेळेल."

"तुम्ही परवा तिथे होतात."

"होतो. कचऱ्याची बादली कोणी सोनेरी चौकटीत बसवली तर माणूस बघायला जातोच की. पण मी चाकू घेऊन गेलो असतो तर त्या एका माणसावर थांबलो असतो का? उलट सगळ्या चित्रात तेवढाच काय तो बरा होता."

"बरा म्हणजे?"

व्हॅन टाइनने सिगारची राख झटकली. त्याला ते कबूल करायचं नव्हतं. "बाकीची सगळी गर्दी आहे. तो माणूस मात्र कोणीतरी जीव लावून काढलेला. रेखाटन चुकीचं होतं, हं. चमचा हातात असा होता की जणू दुसऱ्याने आणून ठेवलाय. डोळे इतके खाली की पापण्याच दिसतात. पुढ्यात वाफाळतं सूप, आणि याचं लक्षच नाही. तरी तिथून पाय हलेना माझा." मग त्याला आपला खवटपणा आठवला. "आणि ती हॅट बघितलीत ना? बाहेर बर्फ आणि खुंटीवर गवती हॅट! म्हणे पाहतो तेच रंगवतो. त्याला कोपऱ्यात पिवळा रंग हवा होता, दुसरं काय."

मी निघालो तेव्हा त्याने मागून हाक मारली.

"तुम्हाला उपयोगाचं आहे की नाही माहीत नाही. परवा तिथे एक बाई होती. डोक्याला शाल, पाय भिजलेले, आत ऊब घ्यायला आली असावी. ती त्या चित्रासमोरून हलेचना. मला मोडक्यातोडक्या भाषेत विचारते, हा माणूस खरा आहे का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं. म्हटलं, बाई, हॅलॉकला कल्पनाशक्ती म्हणून नाहीच. डोळ्यांना दिसेल तेवढंच त्याला काढता येतं." तो हसला. "एवढा टोमणा मारला, पण तिने माझा हात धरून आभार मानले. वेडीच असावी."

जिना उतरताना त्याच्या सिगारचा वास माझ्या कोटाला लागला होता. मी बाही नाकाला लावली आणि थांबलो. हा वास जळलेल्या तंबाखूचा, करपट. भोकाच्या कडेचा वास तसा नव्हता. तो गोडसर होता, ओल्या पानाचा. चित्र कापणाऱ्याने सिगार ओढली नव्हती.

३

क्लिंगरच्या खाणावळीत मी बऱ्याच वर्षांनी पाऊल टाकलं. डोक्यावरून गाडी गेली की अजूनही सगळ्या बश्या थरथरतात. ऑटो क्लिंगर गल्ल्यामागे तसाच उभा होता, फक्त पोट वाढलं होतं.

"अहो ड्वायर! जिवंत आहात होय? मला वाटलं एखाद्या बायकोने तुम्हालाच शोधून काढलं."

"मला शोधायला कोण बसलंय! ऑटो, हॅलॉकने तुझ्या खाणावळीचं चित्र काढलंय, बघितलंस?"

"बघितलं ना! सगळे बरोबर आलेत. ट्रामवाला पॅटी, आमची लीना, तो कानाला मफलर बांधणारा म्हाताराही. फक्त कोपऱ्यातला माणूस कोण ते कळलं नाही. मी हॅलॉकला विचारणारच होतो."

"तू ओळखत नाहीस?"

"या खोलीत जेवलेलं तोंड मी विसरत नाही. आणि फेब्रुवारीत गवती हॅट घालून इथपर्यंत पोचेल कोण? पहिल्याच कोपऱ्यावर पोरं डोक्यावरून उडवून पायाखाली तुडवतील. सप्टेंबर अर्धा सरला की शहाण्या माणसाने ती माळ्यावर टाकावी. जर्मनीहून आलो त्या वर्षी माझीच तुडवली होती." तो आठवणीने हळहळला. "तो माणूस इथे कधी आलाच नाही, ड्वायर."

माझा पळालेल्या नवऱ्याचा तर्क तिथेच लंगडा झाला. जो इथे कधी आलाच नाही, त्याला इथे दिसण्याची भीती कशाला वाटेल?

"एक गंमत सांगू का?" क्लिंगरने आवाज खाली आणला. "परवापासून एक बाई रोज दुपारी येते. बरोबर त्याच कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते, दाराकडे तोंड करून. वाटाण्याचं सूप मागवते आणि समोरच्या खुर्चीपुढे ठेवते. स्वतः घोटही घेत नाही. निवलं की उठते. कालपासून मी पैसे घ्यायचं सोडलंय."

मी मनात जुळवाजुळव करत होतो. ज्याला एखादा चेहरा पुसायचा असतो तो त्यावर चाकू ओढतो, रंग फासतो. इथे तर कापणाऱ्याने माणसाच्या कोपरालाही धक्का लागू दिला नव्हता. वाडगा, चमचा, हात, सगळं आत घेतलं होतं; भोकाच्या कडेला त्याच्या बाहीचा तुकडाही उरला नव्हता. ओल्या पानाचा वास आणि सफाईदार हात. हे सिगार वळणाऱ्याचं काम होतं. युरोपातल्या बोहेमियातून आलेल्या बायका खाणावळीच्या आसपासच्या वस्तीत घरोघरी सिगारी वळतात आणि पान कापायचा गोल पात्याचा चाकू त्यांच्या खिशातच असतो. चेहरा लपवण्यासाठी कोणी नेला नव्हता. जवळ ठेवण्यासाठी नेला होता.

दार उघडलं. गार वाऱ्याबरोबर एक चाळिशीची बाई आत आली. डोक्याला शाल होती. कोणाकडेही न बघता ती कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली आणि हातमोजे काढले. तिची बोटं पेरापर्यंत तपकिरी होती.

४

"बाई, मी पोलिस नाही," मी तिच्यासमोर जाऊन म्हणालो.

तिने वर पाहिलं आणि घाईघाईने म्हणाली, "त्या खुर्चीवर नको. ती त्याची आहे."

मी शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली. तिचं नाव रोझालिए शिमेक. ती काही नाकारायला गेली नाही. छातीशी धरलेला डबा उघडला, त्यातलं फडकं बाजूला केलं आणि माणूस माझ्यासमोर ठेवला.

व्हॅन टाइन खोटं बोलला नव्हता. रुंद कपाळाचा, दमलेला एक माणूस सुपाच्या वाडग्यावर मान झुकवून बसला होता. इतकी शांतता मी क्लिंगरकडे जेवणाऱ्या कोणाच्याही तोंडावर पाहिलेली नाही.

"मातेय. माझा नवरा," ती म्हणाली. "मी चोरी केली, मला माहीत आहे. तुरुंगात टाका, साहेब. पण दुपारचं नको. तो जेवायला आला तर?"

"कधीपासून बेपत्ता आहे?"

"पाच वर्षं. जुलै होता, रविवार. काय उकाडा! नदीपलीकडे ब्रुकलिनला आपला एक गाववाला आहे, कामाचं विचारून येतो, म्हणाला. नवी हॅट घालून गेला. मी घेऊन दिली होती. तिची फीत निसटली म्हणून निळी फीत मीच शिवली. गाठ वाकडी आली. तो म्हणाला, राहू दे, तेवढीच ओळखायला बरी." तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून उघडले. "चित्रातल्या फितीची गाठसुद्धा वाकडी आहे."

"तुम्ही शोध केलात?"

"इकडच्या सगळ्या इस्पितळांत गेले. चौकीत गेले. तिथे हसले. बाई, नवरे पळतातच, म्हणाले. जिन्यातल्या बायकाही तेच म्हणतात. समोर चुकचुकतात, मी वर गेले की हसतात. पाच वर्षं मी तो जिना मान खाली घालून चढते." मग तिचा चेहरा एकदम उजळला आणि मला तो बघवेना. "आता मला कळलं. तो आहे! काम मिळालं नाही म्हणून तोंड दाखवत नाही. बघा ना, थंडीत घालायला दुसरी हॅटसुद्धा नाही बिचाऱ्याकडे."

फेब्रुवारीत गवती हॅट घालून कोणी फिरत नाही, हे शहरातलं शेंबडं पोरही सांगेल, पण तिला ते दिसत नव्हतं. बघायचंच नव्हतं.

"तुमचं दुसरं कोणी आहे?"

"क्लीव्हलंडला बहीण आहे. ये म्हणते. खोलीही बघितलीय माझ्यासाठी. मी निघणारच होते. सामान बांधलं होतं." तिने तुकडा परत फडक्यात गुंडाळला. "आता कशी जाऊ? तो इथे जेवतो. आज ना उद्या येईलच."

लीनाने सूप आणून ठेवलं. बाईने वाडगा समोरच्या खुर्चीपुढे सरकवला आणि दाराकडे बघत बसली. या बाईचं पुढचं सगळं आयुष्य मला त्या टेबलाशी बसलेलं दिसायला लागलं. मी उठलो आणि तडक अँब्रोजच्या खोलीचा रस्ता धरला.

५

अँब्रोज कॅनव्हाससमोर नुसताच बसला होता.

"सापडला?"

"सापडला. सुखरूप आहे. आता तू सांग, तो कोण आहे."

"सांगितलं ना, खाणावळीतला एक—"

"बस कर, अँब्रोज. क्लिंगरने त्याला कधी पाहिलेला नाही. फेब्रुवारीत गवती हॅट कोणी घालत नाही, म्हणजे तू त्याला उन्हाळ्यात पाहिलंस. फितीची गाठसुद्धा तुला आठवते, म्हणजे हॅट पिवळ्या रंगासाठी टांगलेली नाही, ती त्याचीच आहे. त्याच्या हातात चमचा दुसऱ्याने ठेवल्यासारखा आहे, कारण तो तू ठेवलास. आणि ते डोळे सुपात बघत नाहीयेत." मला पुढचं म्हणवत नव्हतं, पण म्हटलं. "ते मिटलेले आहेत. तुला तो कुठे दिसला?"

तो ब्रशचे केस बोटाने उलटेसुलटे करायला लागला.

"ब्रुकलिनच्या धक्क्यावर," तो म्हणाला. "पाच वर्षांपूर्वी. उकाड्याने माणसं मरत होती ते दिवस. लोक नदीत उड्या मारायचे, तसाच हाही उतरला असणार. प्रवाहाने खांबाखाली ओढला. मी पोचलो तेव्हा त्याला फळ्यांवर निजवलं होतं. कपडे कोणीतरी पळवले होते, म्हणून नाव नाही, गाव नाही. मी बघून घेतलं आणि कचेरीत येऊन काढलं. साहेब म्हणाले, आज बुडालेले फार झालेत, जागा नाही. छापलंच नाही."

"मग?"

"कोणी विचारायला आलं नाही. शहराने पुरून टाकला. पण नील, तो इतका एकटा पडला होता! भोवती गर्दी आणि एकही माणूस त्याचा नाही. मी विसरायला गेलो तरी जाईना. या हिवाळ्यात क्लिंगरची खाणावळ काढत होतो. कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं. मनात आलं, याला आत घ्यावं. ऊब आहे, चार माणसं आहेत, गरम सूप आहे. म्हणून जेवायला बसवला."

"आणि पुन्हा का काढत नाहीस?"

"पुन्हा काढायचा तर पुन्हा धक्क्यावर जाऊन त्याला बघावं लागेल. त्याला तिथून उठवायला मला पाच वर्षं लागली, लेका."

मी त्याला रोझालिए शिमेकबद्दल सांगितलं. बाई नदीच्या अलीकडे दारोदार विचारत फिरत होती तेव्हा नवरा पलीकडे पडला होता, हेही सांगितलं. ती रोज त्याच्यासमोर सूप ठेवते हे ऐकल्यावर त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"नको सांगूया तिला," तो म्हणाला. "जिवंत आहे असं वाटतंय तर वाटू दे."

माझ्याही मनात क्षणभर तेच आलं होतं. पण क्लीव्हलंडची ती खोली माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आणि ती वाट बघताना कशी दिसते हे मी पाहिलं होतं, अँब्रोजने नव्हतं.

"उद्या दुपारी माझ्याबरोबर चल," मी म्हणालो. "चित्रही घे."

६

चित्र बघून क्लिंगर पुढे आला आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघून मागे सरला.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या रोझालिएला अँब्रोजने सगळं स्वतः सांगितलं. खुर्चीला हात न लावता, उभ्यानेच. तो चांगला बोलणारा माणूस नव्हे. तीच वाक्यं दोनदा म्हणाला, मध्ये अडकला, पण काही लपवलं नाही. वरून गाडी गेली तेव्हा तो थांबला आणि ती गेल्यावर उरलेलं बोलला.

रोझालिएने एकदाही त्याला तोडलं नाही. शेवटी तिने समोरच्या वाडग्यावर आडवा तळहात धरला, वाफ लागते का बघावं तसा.

"तुम्ही म्हणालात, पाहतो तेच रंगवतो."

"खोटं म्हणालो, बाई. मला माफ करा."

ती रडेल, ओरडेल, निदान वाडगा भिरकावेल, असं मला वाटलं होतं. ती विचार करत होती.

"कपडे चोरीला गेले," ती हळू म्हणाली. "मग हॅट कशी राहिली?"

"ती उंच होती. धक्क्याच्या खांबाला एक खिळा होता, त्यावर अडकवलेली. चोराच्या ध्यानात आली नसेल."

"कोणी अडकवली?"

"त्यानेच. दुसरं कोण? कपडे खाली ठेवले, हॅट चुरगळू नये म्हणून वर टांगली आणि पाण्यात उतरला."

पळणाऱ्या नवऱ्यांचं सगळं शास्त्र मला पाठ, आणि यातली साधी गोष्ट मला पुढच्याच क्षणी त्या बाईच्या तोंडून ऐकावी लागली.

"म्हणजे परत घालणार होता," रोझालिए म्हणाली. "घरी येणार होता."

"हो," मी म्हणालो. "बाई, वीस वर्षं मी हेच काम करतो. पळणारा माणूस हॅट टांगून जात नाही."

तेव्हा ती रडली. शाल तोंडात कोंबून, खुर्चीत पुढेमागे होत, पाच वर्षांचं रडली. लीना तिच्यामागे येऊन उभी राहिली आणि क्लिंगर उगाचच गल्ला पुसत बसला. ट्रामवाला पॅटीने हसू आवरून टोपी काढली.

शांत झाल्यावर तिने डब्यातून तुकडा काढला आणि अँब्रोजपुढे धरला. "हे तुमचं."

"नाही. तो तुमच्याकडेच असू दे."

"मग," ती खिशात हात घालत म्हणाली, "त्याची हॅटपण द्या."

तिने गोल पात्याचा चाकू टेबलावर ठेवला. अँब्रोजने तो उचलला. त्या चित्राला काहीजण त्याचं सर्वांत चांगलं काम म्हणत होते, तरी त्याने पातं सरळ हॅटच्या कडेला लावलं. वाकड्या गाठीला धक्का लागू न देता त्याने हॅट खुंटीसकट कापली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

त्याच आठवड्यात ती क्लीव्हलंडला गेली. सामान उतरवायला मीच गेलो होतो. जिन्यातल्या बायका दारांत उभ्या होत्या. रोझालिए प्रत्येक दारापाशी थांबली आणि मान वर करून एकच वाक्य बोलली, त्यांच्या भाषेत. मला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. एकही बाई चुकचुकली नाही.

ते चित्र आता माझ्या खोलीत आहे. अँब्रोजने पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही, म्हणाला, तुझी मेहनत झाली, तूच ठेव. ट्रामवाला अजून हसतोय, पोरगी बशी आदळतेय, आणि कोपऱ्यात दोन भोकं आहेत. वरच्या भोकातून माझ्या भिंतीचा एक जुना खिळा बाहेर येतो. मी पाहून टांगलं नव्हतं, तसं जमून आलं.

संध्याकाळी खोलीवर आलो की मी माझी हॅट त्या खिळ्याला अडकवतो. माझी वाट बघणारं कोणी नाही आणि कधी मला शोधायलाही कोणी येणार नाही. पण समजा आलंच, तर मी परत येणार होतो, एवढं तरी त्यांना कळेल.